‘स्मित’ हा शब्द आला कुठून, आणि ‘तिने स्मित केलं’ असं लिहावं का?

तुमचे प्रश्न तीन आहेत. इंग्रजी कथांचा अनुवाद करताना ‘स्माइल’ हा शब्द पानोपानी येतो आणि दर वेळी ‘तिने स्मित केलं’ लिहिताना हात अडखळतो, मग लिहावं काय, हा पहिला. ‘स्माइल’ हा शब्द आपल्या ‘स्मित’पासूनच तिकडे गेला असं सांगणारा मजकूर फोनवर फिरतो आहे, त्यात तथ्य किती, हा दुसरा. आणि ‘स्मित’चा मूळ अर्थ काय, हा तिसरा. मी 26 वर्षं महाविद्यालयात संस्कृत आणि प्राकृत शिकवलं, विद्यार्थ्यांकडून संस्कृत नाटकं बसवून घेतली, आणि निवृत्तीनंतर अनुवाद तपासायचं काम करते आहे. तिसऱ्या प्रश्नाचा उलगडा झाला की पहिला आपोआप सुटतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते.

‘स्मित’चा धातू ‘स्मि’. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या अर्थासह दिलेल्या यादीत, तो ‘ष्मिङ् ईषद्धसने’ असा दिला आहे. ईषत् म्हणजे थोडं, हसन म्हणजे हसणं. थोडं हसणं ते स्मित. शाळेत आपण हेच शिकतो आणि बहुतेक कोश हेच सांगतात. मीही पहिली काही वर्षं वर्गात एवढंच सांगून पुढे जात असे. पण या धातूची सगळी पोरंबाळं एका ओळीत उभी केली की ही व्याख्या तोकडी पडते. ‘विस्मय’ याच धातूचा, वि + स्मि. त्यात हसणं कुठे आहे? गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून अर्जुन ‘विस्मयाविष्टो हृष्टरोमा’ होतो, म्हणजे विस्मयाने भारून जातो, अंगावर काटा येतो. तिथे थोडंसुद्धा हसू नाही. ‘स्मय’ हा शब्दही याच धातूचा, आणि संस्कृतात त्याचा एक अर्थ चक्क गर्व. भर्तृहरीच्या नीतिशतकातली तक्रार आठवा: ‘बोद्धारो मत्सरग्रस्ताः प्रभवः स्मयदूषिताः’. जाणकार मत्सराने ग्रासलेले, सत्ताधारी गर्वाने बिघडलेले, आणि बाकीच्यांना समज नाही. त्यामुळे चांगलं बोललेलं अंगातच जिरून गेलं.

पाणिनीचं एक सूत्र तर मला फार बोलकं वाटतं: ‘भीस्म्योर्हेतुभये’. भिववणं आणि विस्मित करणं या दोन प्रयोजक क्रियापदांची रूपं कशी चालवायची, याचा तो नियम आहे. व्याकरणाचा तांत्रिक भाग सोडून द्या. भी आणि स्मि हे धातू एका सूत्रात शेजारी बसतात, एवढंच बघा. काशिका या पाणिनीच्या सूत्रांवरच्या टीकेत त्याचं उदाहरण ‘जटिलो विस्मापयते’ असं आहे. जटाधारी माणूस समोर आला आणि त्याला पाहूनच बघणारा थक्क झाला. म्हणजे स्मित, विस्मय आणि गर्व हे तिन्ही एका धातूतून निघतात, आणि त्या धातूचं एक टोक भीतीच्या शेजारी आहे. ‘थोडं हसणं’ एवढ्याने या सगळ्याची संगती लागत नाही.

संगती लागते ती ऋग्वेदात. तिथे स्मि धातू बघा कोणाकोणासाठी येतो. उषेसाठी येतो: ‘श्रिये छन्दो न स्मयते विभाती’. त्याच ऋचेची सुरुवात ‘आम्ही या अंधाराच्या पैलतीरी आलो’ अशी आहे आणि मग उजळत जाणारी उषा ‘स्मयते’. दुसऱ्या एका सूक्तात ती ‘संस्मयमाना युवतिः’ आहे, पूर्वेला उभी राहून उजळणारी. विजेसाठी येतो: ‘अव स्मयन्त विद्युतः पृथिव्याम्’. मरुत्, म्हणजे वादळवाऱ्याचे देव, पाऊस शिंपतात तेव्हा विजा पृथ्वीकडे बघून खाली स्मित करतात. आणि अग्नीवर पडणाऱ्या तुपाच्या धारांसाठी येतो: ‘कल्याण्यः स्मयमानासो अग्निम्’. मेळ्याला जमलेल्या सुंदर बायका जशा हसतमुखाने पुढे होतात, तशा त्या धारा अग्नीकडे झेपावतात. तूप आगीत पडल्यावर ज्वाळा एकदम कशी उजळते ते ज्याने होमाजवळ बसून पाहिलं आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पहाट, वीज, तुपाने भडकलेली ज्वाळा. तिन्हींत हसण्याचा आवाज नाही, गंमतही नाही. तिन्हींत प्रकाश आहे, आणि तोही अचानक फाकणारा. माझं म्हणणं असं, की स्मि धातूचा गाभा ‘उजळणं, उमलणं’ हा आहे. चेहरा उजळला की स्मित. डोळे विस्फारून उजळले की विस्मय. स्वतःच्याच तेजाने उजळून राहिला की स्मय, गर्व. ‘स्मित’ या विशेषणाचा एक अर्थ संस्कृत कोशांत ‘उमललेलं’ असाही आहे आणि तो फुलांसाठी वापरतात. कालिदासाने कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात पार्वतीच्या स्मिताला उपमा शोधली तीही या अंगानेच: कोवळ्या तांबूस पालवीवर एखादं फूल ठेवलं, किंवा लखलखीत पोवळ्यावर मोती ठेवला, तर कदाचित तिच्या लालसर ओठांवर पसरलेल्या त्या शुभ्र स्मिताची नक्कल होईल. ‘ताम्रौष्ठपर्यस्तरुचः स्मितस्य’. रुच् म्हणजे कांती, प्रकाश. भरताने नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला रंग दिला, त्यात शृंगार श्याम आणि ‘सितो हास्यः’, हास्य पांढरं. संस्कृत कवींनी हसू कायम पांढरंच रंगवलं, अगदी कैलास पर्वताला शंकराच्या अट्टहासाची रास म्हणण्यापर्यंत.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ‘स्माइल’ आणि ‘स्मित’ यांचं नातं खरं आहे. पण ‘संस्कृतातून इंग्रजीत गेला’ हे खोटं आहे. इंग्रजीत ‘स्माइल’ हा शब्द साधारण 1300च्या सुमारास दिसू लागतो, आणि तो बहुधा उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन भाषांतून तिथे आला. डॅनिशमध्ये आजही ‘स्मिले’ आणि स्वीडिशमध्ये ‘स्मिला’ आहे. त्या काळी इंग्रजांचा आणि संस्कृतचा काही संबंध नव्हता. तेव्हा हे नातं आई-लेकीचं नाही, चुलत बहिणींचं आहे. दोन्हींची पणजी एक. त्या पणजीची लिखित नोंद कुठेच नाही, तिला अभ्यासक आदिम भारोपीय भाषा म्हणतात आणि ती पाच-सहा हजार वर्षांपूर्वीची मानतात.

पण सारखे दिसणारे शब्द कशावरूनही जोडता येतात. मग हे नातं खरं कशावरून? याचा पुरावा मी वर्गात नेहमी घरातल्या एका शब्दावरून देत असे, तो शब्द म्हणजे ‘सून’. मराठी ‘सून’ ही संस्कृत ‘स्नुषा’, प्राकृत ‘सुण्हा’ अशी पायरी पायरीने उतरत आली. स्नुषेच्या आरंभी स आणि न यांचं जोडाक्षर आहे. आता बाकीच्या भाषांत सुनेला काय म्हणतात बघा. रशियनमध्ये ‘स्नोखा’, जुन्या इंग्रजीत ‘स्नोरु’: दोन्हीकडे स शाबूत. लॅटिनमध्ये ‘नुरुस’, ग्रीकमध्ये ‘नुओस’: दोन्हीकडे आरंभीचा स गळाला. आता हीच कसोटी स्मि धातूला लावा. रशियनमध्ये हसण्याला ‘स्मेख’, इंग्रजीत ‘स्माइल’: स शाबूत. लॅटिनमध्ये ‘मीरुस’, ग्रीकमध्ये स्मित करण्याला ‘मेइदाओ’: स गळालेला. सुनेच्या बाबतीत ज्या भाषेने जे केलं, तेच तिने स्मिताच्या बाबतीत केलं. योगायोग असा नियमाने वागत नाही.

ग्रीकमध्ये तर गळालेल्या स ची खूण शिल्लक आहे. होमरच्या महाकाव्यांत ॲफ्रोडाइटी या देवीला ‘फिलोम्मेइदेस’ म्हटलं आहे, म्हणजे जिला स्मित प्रिय आहे ती. त्या शब्दात म दोनदा उच्चारला जातो. ‘मेइदाओ’त तर एकच म आहे, मग दुसरा कुठून आला? तो हरवलेल्या स चा वारस. स गेला, पण जाताना शेजारच्या म ला आपलं वजन देऊन गेला, आणि छंदाने ते जपून ठेवलं. अशी एखादी खूण सापडली की मला आजही मनापासून आनंद होतो.

आणि लॅटिन ‘मीरुस’चा अर्थ काय? हसणं नव्हे. अद्भुत, आश्चर्यकारक! त्यावरून ‘मिरारी’ म्हणजे विस्मयाने बघणं, आणि त्याच्या वंशात इंग्रजीतले मिरॅकल, ॲडमायर आणि मिरर. संस्कृतात स्मितापासून विस्मय निघाला, आणि तिकडे रोममध्ये, आपला काही संबंध नसताना, त्याच धातूतून चमत्कार निघाला. दोन दूरच्या घरांत एकाच पणजीच्या चेहऱ्याची ठेवण दिसावी तसं हे आहे. ‘उजळणं’ हाच गाभा असावा, या माझ्या मताला यामुळे बळ मिळतं.

इंग्रजीचं आणखी एक सांगते, कारण अनुवादात ते तुम्हाला भेटेलच. ‘स्माइल’ यायच्या आधी इंग्रजीत स्मित करण्याला ‘स्मिअर्कियन’ म्हणत, तोच आजचा ‘स्मर्क’. तोही बहुधा याच कुळातला. नवा शब्द आला आणि चांगला अर्थ घेऊन बसला, तेव्हा जुन्याच्या वाट्याला तुच्छतेचं, आढ्यतेचं हसू उरलं. आपल्याकडे स्मयाचा गर्व झाला, त्याचीच ही आवृत्ती.

याच ओघात एक गैरसमज दूर करते. ‘अस्मिता’ म्हणजे ‘स्मित नसलेली’ असं सांगून एका ओळखीच्या घरात मुलीचं ठरलेलं नाव बदललं गेलं, आणि मला ते कळलं तेव्हा बारसं होऊन गेलं होतं. अस्मितेत स्मित नाहीच. ‘अस्मि’ म्हणजे ‘मी आहे’, त्याला ‘ता’ प्रत्यय. पतंजलीच्या योगसूत्रांत पाच क्लेशांमध्ये अस्मिता येते ती ‘मीपणा’ या अर्थाने, आणि आज आपण ती मराठी अस्मिता, प्रादेशिक अस्मिता अशी अभिमानाने वापरतो. स्मितेशी तिचं नातं फक्त कानाला जाणवतं.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. ‘तिने स्मित केलं’ हे कानाला परकं का लागतं? कारण ‘स्मित’ हा शब्द मराठीला तोंडातोंडी मिळालेला नाही, पोथीतून मिळालेला आहे. स्म, ष्म, श्म अशी जोडाक्षरं प्राकृतात टिकत नसत. अस्मे चं अम्हे झालं आणि त्याचं आपलं ‘आम्ही’. कूष्मांडाचा ‘कोहळा’ झाला, श्मशानाचं ‘मसण’ झालं. त्यातून महाराष्ट्री प्राकृतात दोन स्वरांमधला त, द गळून पडे; मातेची ‘माय’ झाली, पादाचा ‘पाय’ झाला. आता ‘स्मित’ या दोन्ही चक्क्यांतून दळून काढा. हाती येतं ‘सिअ’ किंवा ‘मिअ’ असं काहीतरी, दोन स्वर आणि एक नाममात्र व्यंजन. इतका झिजलेला शब्द बोलण्यात उभा राहत नाही. त्याच वेळी ‘हस्’ हा धडधाकट धातू हाताशी होता. हसइ, मग हसे, मग हसतो. बोलणाऱ्यांनी तो उचलला आणि मोठं हसणं, छोटं हसणं, दोन्हींना तोच वापरला.

पालीत मात्र त काही गळला नाही, आणि तिथे स्मिताचा ‘सित’ होऊन टिकला. मज्झिमनिकाय या बौद्ध ग्रंथात एक प्रसंग दोनदा येतो. बुद्ध एका ठिकाणी थांबतात आणि ‘सितं पात्वाकासि’, स्मित प्रकट करतात. त्यांचा शिष्य आनंद विचार करतो, ‘न अकारणेन तथागता सितं पातुकरोन्ति’, तथागत विनाकारण स्मित करत नाहीत, आणि कारण विचारतो. मग बुद्ध त्या जागेची जुनी हकिकत सांगतात. ‘पातु’ म्हणजे प्रादुः, प्रकट, उघड. स्मित इथेही ‘करायची’ गोष्ट नाही, प्रकट व्हायची आहे. (पालीत ‘सित’चा पांढरा असाही अर्थ आहे, पण तो शब्द वेगळा, नुसता जुळून आलेला.)

मराठीने मग काय केलं? धातू एकच उरल्यावर तिने हसण्याला जागा नेमून दिल्या. गालातल्या गालात हसणं. ओठातल्या ओठात हसणं. मिशीत हसणं. मनातल्या मनात हसणं. पदराआडून हसणं. यादी नीट बघा, या सगळ्या लपायच्या जागा आहेत. माझी आजी माणसांत हसताना पदराचा काठ दोन बोटांत धरून ओठांवर न्यायची. दिसायचे ते फक्त डोळे, बारीक झालेले, कडेला सुरकुत्यांचा पंखा उघडलेला, आणि हलणारी नाकातली मोरणी. आजोबांचं हसू मिशीत. दोघांनाही हसू येई, पण ते मोठ्यांसमोर, परक्यांसमोर दाखवायचं नसे. मराठीत ज्याला आपण स्मित म्हणून वापरतो त्यातला अर्धा भाग हा असा आहे: आलेलं हसणं, दाबून लहान केलेलं.

पण उरलेला अर्धा भाग वेगळा आहे, आणि तो आपण क्रियापदात शोधतो म्हणून सापडत नाही. तो ‘हसू’ या नामाभोवती आहे. हसू काय काय करतं? हसू येतं. हसू फुटतं. ओठांवर हसू उमटतं, उमलतं, चेहऱ्यावर फाकतं, आणि वाईट बातमी कळली की मावळतं. उमलणं फुलाचं, फाकणं आणि मावळणं सूर्याचं. शिवाय चेहरा उजळतो, चेहरा खुलतो, आणि रुसलेल्या माणसाची कळी खुलते. ऋग्वेदातली उषा आणि कालिदासाचं पालवीवरचं फूल, दोन्ही आपल्या रोजच्या बोलण्यात जिवंत आहेत. ‘स्मित’ हा शब्द झिजून गेला, पण त्याच्या आतलं चित्र मराठीने सोडलं नाही. आणि या रचनेत माणूस कर्ता नाही, हेही बघा. ‘मला हसू आलं’, ‘तिची कळी खुलली’. हसू आपलं आपण येतं. पालीतल्या ‘प्रकट होण्या’च्या हे किती जवळ आहे!

म्हणून अनुवाद करताना इंग्रजीत ‘स्माइल’ दिसला की आधी स्वतःला विचारा, हे दाबलेलं हसणं आहे की उमललेलं हसू?

हा फरक चेहऱ्यावर कसा दिसतो, ते मला एका तालमीत कळलं. संस्कृत नाटकांच्या संहितेत ‘सस्मितम्’ अशी सूचना वारंवार येते. आमची नायिका हुशार मुलगी, पाठांतर चोख, पण ‘सस्मितम्’ आलं की ओठ दोन्ही बाजूंना ताणून दात दाखवायची, फोटोला उभं राहिल्यासारखी. मी तिला नाट्यशास्त्रातला श्लोक फळ्यावर लिहून दिला:

ईषद्विकसितैर्गण्डैः कटाक्षैः सौष्ठवान्वितैः ।
अलक्षितद्विजं धीरमुत्तमानां स्मितं भवेत् ॥

गाल किंचित फुललेले, नजर डौलदार, दात न दिसणारं, धीरगंभीर, असं ते उत्तम पात्रांचं स्मित. (द्विज म्हणजे दात, दोनदा येतो म्हणून.) तिने श्लोक दोनदा वाचला आणि म्हणाली, ‘बाई, यात ओठ कुठेच नाहीत.’ मी तो श्लोक कितीतरी वर्षं शिकवत होते, पण माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. भरत गाल सांगतो, डोळे सांगतो, दातांबद्दल ‘नको’ सांगतो, ओठांचं नावही काढत नाही. मग मी तिला म्हटलं, ओठांचा विचार सोडून दे. वसतिगृहाच्या फाटकाशी तुझी आजी अचानक उभी दिसली असं समज. तिने डोळे मिटले, उघडले. आधी खालच्या पापणीखाली बारीक वळी पडली, मग गालांची उंचवट्याची जागा वर सरकली, आणि ओठ शेवटी, जेमतेम हलले. तालमीतली पोरं बोलायची थांबली.

1862मध्ये दुशेन या फ्रेंच डॉक्टरने चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन याच गोष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओठांचे कोपरे वर खेचणारा स्नायू आपल्या हुकमात असतो, पण डोळ्याभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदाशिवाय सहसा हलत नाही, असं त्याने मांडलं. पुढे डार्विनने 1872च्या आपल्या पुस्तकात त्याची छायाचित्रं वापरली. खऱ्या हसण्याची जागा डोळे आणि गाल, हे भरताच्या श्लोकात आधीच आहे.

भरताने हसण्याच्या एकंदर सहा पायऱ्या दिल्या आहेत, आणि अनुवादकाने त्या टेबलापाशी लिहून ठेवाव्यात. स्मित आणि हसित उत्तम पात्रांचं, विहसित आणि उपहसित मध्यमांचं, अपहसित आणि अतिहसित अधमांचं. हसितात दात जरासे दिसतात. विहसितात पहिल्यांदा आवाज येतो, पण गोड आणि वेळेवर. उपहसितात नाकपुड्या फुगतात आणि नजर वाकडी होते. आपला ‘उपहास’ त्याच घरचा, आणि इंग्रजीतला ‘स्मर्क’ इथे बसतो. अपहसित म्हणजे अवेळी हसणं, डोळ्यांत पाणी, खांदे आणि डोकं हलतंय. अतिहसितात माणूस कुशी धरून हसतो. पात्रांची ही उत्तम-अधम उतरंड आज मला मान्य नाही. खळखळून हसणारा माणूस हलका, हे मी कुठल्याच मुलाला शिकवणार नाही. पण शरीराचं निरीक्षण म्हणून ही यादी अचूक आहे.

काही जण ‘स्मितहास्य’ हा शब्द द्विरुक्ती म्हणून खोडतात. मी खोडत नाही. स्मित हा हास्याचा एक प्रकार, म्हणून स्मित प्रकारचं हास्य ते स्मितहास्य. भरताच्या हिशेबाने हे बरोबर आहे. शब्द थोडा औपचारिक आहे, इतकंच.

आणि ‘स्माईल’चं काय? तालुक्याच्या फोटो स्टुडिओत पूर्वी ‘जरा हसा’ म्हणत, आता ‘स्माईल द्या’ म्हणतात. पोरं ‘तिने मला स्माईल दिली’ असं सांगतात. हा शब्द मराठीत आल्यावर स्त्रीलिंगी झाला आणि त्याला ‘देणं’ हे क्रियापद मिळालं. म्हणजे तो नेमक्या एका मोकळ्या जागी बसला: मुद्दाम, समोरच्यासाठी, देवघेवीत दिलेलं हसू. मराठीत त्यासाठी ‘ओळखीचं हसणं’ आहे, पण त्यात ओळख आधीची असावी लागते. कॉलेजमधल्या किंवा ऑफिसातल्या पात्राच्या तोंडी ‘स्माईल दिली’ आलं तर मी अनुवादातून ते काढत नाही. हजारो वर्षांपूर्वी दुरावलेली चुलत बहीणच घरी आली आहे.

तुम्ही पाठवलेल्या तीन वाक्यांबद्दल सांगते. पहिल्यात सासरे चुकीची गोष्ट ठासून सांगतायत आणि सून काही न बोलता ‘स्माइल’ करते. हे दाबलेलं आहे: ‘ती गालातल्या गालात हसली.’ दुसऱ्यात बाई लिफ्टमध्ये अनोळखी शेजाऱ्याला बघून ‘स्माइल’ करते. तिथे नुसतं ‘ती हसली’ पुरे. अनोळखी माणसाकडे बघून कोणी खो खो हसत नाही, वाचकाला प्रसंगावरून कळतं. तिसऱ्यात मुलगा दोन वर्षांनी परत येतो आणि आई दार उघडते. तुम्ही लिहिलंय, ‘आईने स्मित केलं.’ तिथे आईला काही करायला लावू नका. ‘दारात त्याला बघून आईचा चेहरा उजळला.’ त्या वाक्याला ‘हसू’ हा शब्दही लागत नाही.

‘स्मित’ मी ठेवते ते देवाच्या मूर्तीच्या वर्णनात, एखाद्या शिल्पाच्या वर्णनात, आणि जिथे कथेतला निवेदकच संस्कृत वळणाचं बोलणारा आहे तिथे. तिथेही ‘स्मित केलं’ टाळून ‘ओठांवर स्मित होतं’ असं लिहा. मूर्ती स्मित करत नाही, तिच्या चेहऱ्यावर ते असतं.